पारसनीस आडनावाचा शोध : त्र्यंबकेश्वरची वही आणि शाईखालचा आकडा

खापरपणजोबांनी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वहीत केलेल्या नोंदीचा शक मी गेल्या खेपेस १७७७ लावला होता. तो चुकीचा ठरला. शेवटच्या आकड्यावर शाई पसरली आहे आणि मी तो अंदाजाने सात धरला होता. या वेळी सबंध ओळ पुन्हा लावताना शकापुढची ‘साधारणनाम संवत्सरे’ ही मोडी अक्षरे स्वच्छ वाचता आली. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असल्यामुळे एका दशकात एक नाव दोनदा येत नाही. साधारण संवत्सर शके १७७२ चे, तर शके १७७७ चे राक्षस. महिना मार्गशीर्ष, म्हणजे इसवी सन १८५० ची अखेर. घरच्या माहितीप्रमाणे पणजोबांचा जन्म १८५२ चा; नोंदीत त्यांचे नाव का नाही, हे कोडे त्यामुळे सुटले.

पारसनीस या आमच्या आडनावाबाबतची प्रगती मला अधिक मोलाची वाटते. आपण मूळचे अकोल्याकडील पारस गावचे, असे आजोबा सांगत. मात्र गावावरून आडनाव पडते तर ते पारसकर झाले असते. चिटणीस, फडणीस, पोतनीस यांतला ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा; आणि पारसनीस म्हणजे फारसी पत्रे वाचून त्यांची उत्तरे लिहिणारा कारकून. मोगल आणि निजाम यांच्याशी पत्रव्यवहार असलेल्या मराठी दरबारांना असा माणूस लागतच असे. वहीत खापरपणजोबांनी स्वहस्ते आधी देशपांडे आणि मग पारसनीस अशी दोन्ही उपनावे लिहिली आहेत व गाव जुन्नर प्रांतातले दिले आहे. पेशवाई १८१८ साली संपली, तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. त्यामुळे हे काम त्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी केले असावे आणि देशपांडे या वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, आडनावावर पारसनीस हे हुद्द्याचे आडनाव तेव्हाच चढले असावे, असे माझे मत झाले आहे. आजोबांचे सांगणे खोडून काढताना मन जड झाले, हेही नमूद करतो.

हे मत अजून सिद्ध व्हायचे आहे. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तरात जुन्नर प्रांताचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पाहण्यासाठी मी अर्ज केला आहे. तिथे प्रथम देशपांडे वतनाचे कागद पाहीन आणि त्यानंतर कारकुनांच्या वेतनाच्या नोंदी.