समोरच्या बेटावरचा उद्या

आज सकाळी नकाशासंग्रह सहज चाळायला घेतला आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीपाशी जो अडकलो तो अडकलोच. रशियाचे बिग डायोमिड आणि अमेरिकेचे लिटल डायोमिड ही बेटे एकमेकांपासून जेमतेम ४ किलोमीटरवर आहेत. परंतु त्यांच्यामधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जात असल्यामुळे दोन्हींकडच्या घड्याळांत सुमारे २१ तासांचा फरक पडतो, आणि लिटल डायोमिडवरचा माणूस पलीकडच्या किनाऱ्याकडे पाहतो तेव्हा बहुतेक वेळ तो चक्क उद्याकडे पाहत असतो. हिवाळ्यात समुद्र गोठला की या दोन दिवसांमध्ये कधीकधी बर्फाची वाटही तयार होते.

फ्रान्सची सर्वांत लांब भूसीमा ब्राझीलशी आहे, हेही आजच कळले. फ्रेंच गयाना हा दक्षिण अमेरिकेतील प्रदेश फ्रान्सचाच भाग आहे, हे मी (लाजत कबूल करतो) साफ विसरलो होतो.