ऐकायला शोपँ, वाजवायला हायडन

पियानोच्या परीक्षेची अट साधी होती: चार रचना, चार वेगळ्या कालखंडांतल्या. बरोक, क्लासिकल, रोमँटिक आणि विसावं शतक. यादी हातात पडल्यावर मी आधी रोमँटिकचं पान उघडलं. बाकी तीन पानं म्हणजे माझ्या मते निव्वळ फॉर्म भरण्याचा भाग होता. आवडता काळ कोणता, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं. शोपँ, शुमान, ब्राम्स. विषय संपला.

पहिली निवड केली ती ब्राम्सची. ऑपस 118 (संगीतकाराच्या रचनासंचाचा क्रमांक) मधली दुसरी रचना, ए मेजरमधली, 1893 सालची. ती ऐकताना मी कितीदा तरी रडले आहे. वाजवतानाही रडले, पण कारण वेगळं होतं. माझ्या हातात एक ऑक्टेव्ह, म्हणजे सा ते वरचा सा एवढं अंतर, जेमतेम बसतो. नववा सूर पट्टीच्या अगदी कडेला बोट टेकवून मिळतो, आणि दहावा मिळतच नाही. ब्राम्स स्वतः दणकट पियानोवादक होता, त्याचं लिखाणही तसंच ऐसपैस. डावा हात सारखा लांब पल्ले घेतो, उजव्या हाताला वरची धून आणि तिच्या पोटातली दुसरी धून एकदम सांभाळायची असते. तिसऱ्या आठवड्यात कोपरापर्यंत हात दुखायला लागला. पियानो शिकवणाऱ्या बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "हे तू ऐक. वाजवायला दुसरं बघू."

मग शोपँ. त्याचा सी शार्प मायनर नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची संथ रचना), तो विशीत असताना लिहिलेला आणि त्याच्या मृत्यूनंतर छापलेला. शोपँ हाताची ठेवण ओळखून लिहितो. विद्यार्थ्यांना तो आधी सी मेजर नाही, बी मेजर स्केल (सुरांची चढती-उतरती ओळ) शिकवायचा, कारण तिथे लांब बोटं आपसूक काळ्या पट्ट्यांवर पडतात. माझ्या लहान हातांना तो लगेच मानवला. अडलं ते शेवटाकडे. तिथे उजवा हात एका दमात 35 स्वर घेत वर जाऊन खाली येतो आणि खाली डावा हात आपल्या संथ चालीत चार ठोके मोजत असतो. मी पेन्सिलीने 35चे चार भाग पाडले, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावला आणि टंकलेखनाच्या वर्गासारखं वाजवलं. बाईंनी मेट्रोनोम बंद केला. डावा हात वाजव आणि वरचं गा, म्हणाल्या. माझा आवाज भसाडा आहे, पण गाताना कळलं की ती धाव सुरुवातीला रेंगाळते, मध्ये घाई करते आणि उतरताना सैलावते. त्याला गणित लावलं की ती मरते.

बाखचं लिहायला मला अजूनही जरा लाज वाटते. 1722च्या संग्रहातली सी मायनरची प्रील्यूड (सुरुवातीची छोटी रचना) आणि फ्यूग (एकच धून वेगवेगळे आवाज पाठोपाठ उचलतात अशी रचना) घेतली, फ्यूग फक्त 31 बारांची, म्हणजे तालाच्या 31 घरांची आहे म्हणून. इतकं लहान पाठ व्हायला किती वेळ लागणार? साडेतीन महिने लागले. फ्यूगमध्ये तीन स्वतंत्र आवाज आहेत आणि हात दोनच, त्यामुळे मधला आवाज कधी उजव्या अंगठ्याकडे तर कधी डाव्या. सूर लांबवणारं पेडल पायाने दाबून गडबड लपवण्याची माझी जुनी सवय इथे उघडी पडली, कारण पेडल दाबलं की तिन्ही आवाजांचा चिखल होतो. बोट एकदा चुकीच्या पट्टीवर पडलं की पुढच्या चार बारांतली बोटं कमी पडतात. मी तीन रंगांच्या पेन्सिलींनी आवाज वेगळे केले, प्रत्येक आवाज एकेकटा वाजवला, मग दोन-दोनच्या जोड्या. तरीही घरच्यांसमोर वाजवताना अठराव्या बाराला सगळं हातातून निसटलं. शोपँमध्ये अडखळलं तर सावरून पुढे जाता येतं. इथे पुन्हा पहिल्या सुरापासून. बाख मला आवडायला लागला का? आदर वाढला, एवढंच म्हणेन.

विसाव्या शतकासाठी देबुसीच्या पहिल्या प्रील्यूड संचातली जवसाच्या रंगाच्या केसांची मुलगी. रचनेचं नाव वर न छापता शेवटी, टिंबांनंतर कंसात छापलंय, म्हणजे आधी वाजवा, नाव मग बघा. हा खट्याळपणा आवडला. रचना आठवड्याभरात बोटांत आली. तिला हलकी ठेवणं मात्र जमता जमता जमलं.

राहिला क्लासिकल. त्याबद्दल मला आकस होता. स्केल, तुटक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर सुटे करून), नमस्कार-चमत्कार. बाईंनी हायडनच्या सी मेजर सोनाटाचा (अनेक भागांची रचना; होबोकेनच्या सूचीत क्रमांक 50) शेवटचा भाग काढला. हा सोनाटा 1794-95च्या सुमारास, साठी ओलांडल्यावर, लंडनच्या मुक्कामात लिहिलेला. पहिल्या दहा-बारा बारांतच धून भलत्याच बी मेजर कॉर्डवर येऊन आपटते. मग शांतता. मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पहिल्यापासून. मी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा वाटलं छपाई चुकली आहे. शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, "परत चुकलीस?" पुढचे दोन महिने रोज त्याच जागी तोच प्रश्न येत राहिला.

त्या शांततेचं काय करायचं, यावर मी जितका रियाज केला तितका बाखच्या फ्यूगवरही केला नसेल. लवकर सोडली तर विनोद कळत नाही, फार लांबवली तर वादक खरंच विसरला असं वाटतं. शिवाय हात कुठे ठेवायचे? मांडीवर घेतले की रचना संपल्यासारखं वाटतं, म्हणून ते पट्ट्यांच्या वर तसेच अधांतरी. गंमत म्हणजे यातलं काहीच माझ्या हातांना जड नव्हतं. पल्ले बेताचे, सूर मोजके, दोन हात एकमेकांना टपल्या मारत पळतात. ब्राम्स ऐकताना मी जी असते, ती वाजवताना कधीच नव्हते. हायडन ऐकायला मी आजही आपणहून लावत नाही. पण पियानोसमोर बसले की हात आधी तिकडेच जातात.

बाईंशी एकदा यावर वादही झाला. त्या म्हणाल्या, काळाचे कप्पे आपण नंतर पाडले. 1828मध्ये, बीथोव्हेननंतर दोन वर्षांच्या आतच गेलेला शूबर्ट कुठल्या कप्प्यात टाकशील? मला उत्तर आलं नाही. परीक्षेच्या यादीत तो दोन्हीकडे होता.

परीक्षेच्या दिवशी बाख आधी उरकला, अठरावा बार सुखरूप पार पडला. शोपँची धाव थोडी घाईत गेली. देबुसीच्या वेळी खुर्ची करकरली. हायडन मी शेवटी ठेवला होता. बी मेजरवर आपटले, हात उचलले. परीक्षक खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. पेन थांबलं, आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी ठरवल्यापेक्षा अर्धा सेकंद जास्तच थांबले.