गणपतीला हाडं कमी पडतायत

"मावशी, गणपतीला हाडं कमी पडतायत," भाचा म्हणाला. दुपारची जेवणं नुकतीच आटपली होती आणि आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. बरं झालं, तिने ऐकलं नाही.

माइनक्राफ्टमध्ये त्याचा गणपती चाललाय. हा संगणकावरचा ठोकळ्यांचा खेळ मोजांग या स्वीडिश कंपनीने २०११ साली पुरता बाजारात आणला, म्हणजे भाच्यापेक्षा वयाने मोठाच. त्यात डोंगर चौकोनी, झाडं चौकोनी, गायसुद्धा चौकोनी. 'क्रिएटिव्ह' ही खेळायची तऱ्हा घेतली की हवे ते ठोकळे फुकट मिळतात, वर उडताही येतं. पण हा पठ्ठ्या 'सर्व्हायव्हल'मध्ये बसलाय, तिथे एकेक ठोकळा कमवावा लागतो. पाण्याच्या तळाची चिकणमाती खणायची, भट्टीत भाजायची, की झाला टेराकोटा. त्याला पांढरा रंग दिला की गंमत अशी, की तो पांढरा दिसतच नाही. गव्हाळ गुलाबी होतो, अगदी अंगाचा रंग. आणि पांढरा रंग निघतो हाडांच्या भुकटीतून. हाडं खेळात हिंडणाऱ्या सांगाड्यांना मारून मिळतात.

मी काही सोवळं पाळणारी बाई नाही. खेळातली हाडं कसली नि विटाळ कसला! तरी का कोण जाणे, हटूनच बसले. गणपतीला हाडं चालणार नाहीत म्हणजे नाहीत. त्याने कपाळावर हात मारून घेतला, खटपट केली आणि लिली ऑफ द व्हॅली नावाच्या फुलातूनही पांढरा रंग निघतो हे हुडकून काढलं. आता बिचारा रानोमाळ फुलं वेचत फिरतोय. पीतांबराची अडचण आली नाही. पिवळा रंग मुळी डँडेलियनच्या फुलांचाच. त्यात वाळू आणि खडी निम्मीनिम्मी मिसळायची, पाणी लागलं की काँक्रीट तयार. देवाला काँक्रीटचा पीतांबर, पण निदान फुलांत रंगवलेला.

खरी पंचाईत वेगळीच आहे. ज्या देवाच्या अंगावर एक सरळ रेघ नाही, तो ठोकळ्यांत करायचा. पोट थरांवर थर चढवून कसंबसं गोल झालं. सोंडेला पायऱ्यांचे आणि अर्ध्या उंचीचे ठोकळे उलटसुलट लावून त्याने वळण दिलं, तेही डावीकडे. उजव्या सोंडेचं कडक असतं, हे त्याला आजीने कधीच सांगून ठेवलंय.

पण डोळे! एक ठोकळा म्हणजे एक मीटर, त्याहून बारीक रेघ ओढायची सोय जवळपास नाहीच. लहान मूर्तीत डोळा एका ठोकळ्याचा होतो, आणि एका ठोकळ्यात कसला आलाय भाव? म्हणून मूर्ती वाढत वाढत पाच-सहा मजली झाली. तेव्हा कुठे डोळ्याचं पांढरं, काळी बाहुली, वर पापणी एवढं मावलं. काळा ठोकळा एक घर आत सरकवला की गणपती तिरळा. पापणी एक घर खाली आणली की झोपाळू, आणि भुवईचा आतला ठोकळा उतरवला की चक्क रागावलेला. मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून "अंहं, अजून रागावलाय" म्हणत होते आणि तो मुकाट सरकवत होता.

माझं लहानपण पेणचं. शाळेतून येताना दोन कारखाने लागायचे. कारखाने म्हणजे गणपतींचे, पेणमध्ये दुसरं काही समजतच नाहीत. पावसाळ्यात आत ओल्या शाडूचा वास कोंडलेला असायचा आणि फळ्यांवर डोळे नसलेले गणपती ओळीने बसलेले. डोळ्यांची आखणी करणारे काका वेगळे. साच्यातून मूर्ती काढणारे मोठमोठ्याने बोलायचे, रेडिओ लावायचे, पण काका फळीपाशी बसले की रेडिओ बंद. ते कुंचल्याचं टोक ओठांनी सारखं करायचे, श्वास धरायचे आणि भुवई एका दमात ओढायचे. आम्ही पोरं दारात उभी. कुणी शिंकलं तर काका मान न वळवता नुसतं "घरी" एवढंच म्हणायचे.

मला मात्र डोळ्यांपेक्षा खालची बाजू आवडायची. वाळत ठेवलेली मूर्ती कलती केली की आत पोकळ. माती साच्यात दाबणाऱ्या माणसाच्या अंगठ्यांचे ठसे आत सगळीकडे उमटलेले, मधूनच काथ्याचा एखादा केस बाहेर आलेला. बाहेरून सगळं घासूनपुसून गुळगुळीत. आतलं कुणी पुसत नसे. अजूनही कुठली मूर्ती दिसली की आधी ती मागून आणि खालून कशी आहे ते बघावंसं वाटतं. नातेवाइकांच्या घरी हे बरं दिसत नाही.

भाच्याचा गणपतीही पोकळच आहे. भरीव करायला माती कुठून आणणार? पण या खेळात अंधार असला की तिथे भुतंखेतं उपजतात. झाँबी, सांगाडे, सगळी जमात. म्हणजे रात्री लंबोदराच्या पोटातून कण्हण्याचे आवाज! म्हणून पाठ बंद करायच्या आधी तो आत शिरून मशाली लावत होता. पोटात, सोंडेच्या मुळाशी, अगदी मुकुटातही. बाहेरून यातलं काही दिसणार नाही. एक कोपरा राहिला होता, तो मी दाखवला.

"आणि याचं विसर्जन रे?"

"पाण्यात काहीच विरघळत नाही गं."

"मग?"

"टीएनटी लावता येईल. पण तो पाण्यात फुटला तर ठोकळ्यांना काही होत नाही." थोडा विचार करून म्हणाला, "राहू दे की."

आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, एवढं त्याला सांगितलं आणि चहा टाकायला उठले.