बंदर बंद असताना मी फिरतीवर का जातो

पावसाळ्यात फिरती कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बोटींच्या इंजिनांचे स्पेअर पार्ट विकायच्या धंद्यात नव्याने आलेली मुलं हमखास म्हणतात, 'जूनमध्ये कोणी ऑर्डर देत नाही. मग हर्णैपासून मालवणपर्यंत पावसात भिजत कशाला फिरता? सगळ्यांचे नंबर आहेत, कॅटलॉग व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की झालं!'

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. हंगामात नाखवा निवांत भेटतच नाही. बोट समुद्रात असली की रेंज नाही, धक्क्याला लागली की लिलाव, बर्फ, डिझेल. अशा वेळी फोन करणं म्हणजे त्याला त्रास देणं. पावसाळ्यात मात्र बोट किनाऱ्यावर ओढून शाकारलेली (झाकलेली) असते, इंजिन उघडलेलं असतं आणि माणूस घरी असतो. खरेदी जुलैअखेर होते, पण कोणाकडून करायची हे तो बरंच आधी ठरवून बसलेला असतो.

एका जूनमध्ये राजापूर तालुक्यातल्या साखरीनाट्याला एका काकांनी समुद्राचं पाणी खेचणारा पंप खोलून ठेवला होता. म्हणाले, 'नवीनच टाकतो पंप.' मी आतलं रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, हातात घेतलं. एकेक पातं अंगठ्याने वाकवून पाहिलं, तर दोन पात्यांच्या मुळाशी चिरा. असं पातं तुटून कूलरच्या नळीत अडकलं की पाणी फिरत नाही आणि भर समुद्रात इंजिन तापतं. पंपाचा शाफ्ट (फिरणारा दांडा) मात्र ठणठणीत होता. 'काका, पंप नका घेऊ. एवढं इंपेलर बदला, हंगाम निघेल.' त्यांनी आत हाक मारली आणि सून वही घेऊन बाहेर आली. सरकारकडून यायचा डिझेलचा परतावा कधीचा अडकलाय, खलाशांना उचल किती दिली, मागची उधारी किती, सगळं तिला तोंडपाठ. त्या घरातला खर्च तीच ठरवते. कॅटलॉग पाठवून मला हे कधी कळलं असतं?

पंपाची विक्री त्या दिवशी गेली, ती जाऊ द्यावी असंच माझं मत आहे. गिऱ्हाइकाचा पैसा वाचवायची संधी रोज मिळत नाही.

घरी आलो की डायरीत लिहितो: बोटीचं नाव, किती सिलिंडर, काय बदललं, काय पुढच्या वर्षावर ढकललं. जाळं कुठलं हेही. कारण पर्ससीनवाल्यांना (माशांच्या थव्याला घेरणारं मोठं जाळं वापरणाऱ्यांना) राज्याच्या सागरी हद्दीत परवानगी 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर, त्यांच्यामागे जुलैत लागण्यात अर्थ नाही. गिलनेटवाले (ज्यात मासा कल्ल्याशी अडकतो ते जाळं लावणारे) 1 ऑगस्टला तयार हवेत, तरी त्यांतले बरेच जण नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय बोट काढत नाहीत. घरात आजारपण असेल तर तेही लिहितो आणि पुढच्या वेळी आधी ते विचारतो. विक्रीसाठी म्हणून नाही, खरंच काळजी वाटते म्हणून.

व्हॉट्सअ‍ॅप मीही वापरतो. पण शंभर जणांना एकच मजकूर ढकलत नाही. ज्याच्या इंजिनाचं बोलणं झालंय, त्याला त्याच पार्टचा फोटो आणि माझ्या आवाजात दोन वाक्यं, तीही लिलावाची वेळ सोडून. काकांच्या घरी आता असा मेसेज सुनेच्या नंबरवर जातो. कूलरच्या रबरी नळ्या यंदा बदलायला हव्यात, तेवढं तिला कळवायचंय.