हाफिज साहेबांच्या तासाला

मराठी सक्तीचा कायदा २०२० साली आला आणि सीबीएसईच्या शाळांनाही मराठी शिक्षक शोधावे लागले. मला एका मुस्लिम ट्रस्टच्या इंग्रजी शाळेत नोकरी मिळाली. सकाळी तिलावत म्हणजे कुराणपठण, मग राष्ट्रगीत, शुक्रवारी जुम्याच्या नमाजसाठी लवकर सुट्टी, काही मुलांना हिफ्जचा, म्हणजे कुराण पाठ करण्याचा, वेगळा वर्ग. याची सवय लगेच झाली. वेळ लागला तो इथलं पाठनिरीक्षण समजायला.

आधीच्या शाळेत पर्यवेक्षकांचा लॉगबुकातला शेरा संध्याकाळपर्यंत स्टाफरूमभर व्हायचा. इथे फॉर्मवर प्रत्येकाला 'सॅटिस्फॅक्टरी'. कोणाचा ऐब चारचौघांत काढायचा नाही, हा शिरस्ता. खरं काय ते जोहरच्या म्हणजे दुपारच्या नमाजनंतर, चहा पिताना: "आपा, बुरा मत मानना, लेकिन..." असं ऐकलेलं पटतं, लागत नाही. पण जुन्या उस्तादांना तेवढंही कोणी सांगत नसे. यात अदब किती आणि भीड किती, देव जाणे.

माझी अडचण वेगळी होती. मुलं घरी उर्दू बोलणारी. उर्दूत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे 'माझी पुस्तक', 'मोठा झाड'. आज दुरुस्त करावं, सोमवारी पुन्हा तेच. प्रिन्सिपल सरांना सांगितलं तर म्हणाले, हिफ्ज शिकवणाऱ्या हाफिज साहेबांच्या तासाला बसून बघा.

बसले. तिथे प्रत्येक मुलाचे रोज तीन हिस्से: सबक म्हणजे आजचा नवा भाग, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांतला, आणि मंजिल म्हणजे जुनं सगळं पाठांतर आळीपाळीने. मूल एकटं म्हणून दाखवतं. चुकलं की हाफिज साहेब फक्त बोट उचलतात, चूक त्यानेच शोधायची. मी तेच उचललं. रोज थोडी नवी नामं, सोबत आठवड्यातली आणि एक जुनी यादी. लिंगं बरीच सुधारली. निबंध मात्र अशाने येत नाही; त्यासाठी मुलांना मराठीत भांडायलाच लावावं लागलं.

सीबीएसईच्या वर्षाला ५० तासांच्या प्रशिक्षणातला काही भाग शाळेतच करता येतो. सरांनी हे बसणं त्यात धरलं आणि सगळ्यांना एकमेकांच्या तासाला बसायला सांगितलं. रमजानात तास आखूड, तेव्हा सूट. ज्येष्ठ मंडळी तरीही टाळत राहिली. मग यंदा सरांनी पहिला तास स्वतःचा लावला, निरीक्षक म्हणून सर्वांत नवी शिक्षिका बसवली आणि तिचे शेरे मीटिंगमध्ये स्वतः वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी गणिताच्या उस्तादांनी विचारलं, "आपा, मेरे पीरियड में कब आ रही हैं?"