पदेराचा हॉर्न, बाराची घंटा आणि तेर्स

वसईच्या माझ्या मामेबहिणी फोनवर हमखास विचारतात, नवरा बोटीवर, पदरात दोन मुलं, सासूबाईंचे गुडघे धरलेले, मग प्रार्थनेला वेळ काढतेस तरी कुठून? तुझं टाइमटेबल पाठव ना. आता इथल्या चर्चमध्ये नव्याने आलेल्या सुनाही तेच विचारायला लागल्या, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

टाइमटेबल माझ्याकडे नाहीच. लहान मुलांच्या घरात घड्याळाला बांधलेला दिवस टिकत नाही, हे माझं ठाम मत आहे. रात्री एकाला ताप आला की सकाळची सगळी गणितं कोलमडतात. पण मी लग्न होऊन गोव्यातल्या बार्देशात आले आणि इथे एक गोष्ट लक्षात आली. गावाच्या दिवसाला आधीपासूनच ठरलेले टप्पे आहेत. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, येतो, बाराला चर्चची घंटा होते, दुपारी सगळं गाव आडवं होतं, संध्याकाळी पुन्हा घंटा. कुणाच्या घरी काहीही चाललेलं असो, हे चुकत नाही. मी माझी भक्ती या टप्प्यांना जोडून टाकली. वेगळा वेळ काढायचा प्रश्नच उरला नाही.

पदेराचा सायकलवरचा हॉर्न आमच्या वाड्यावर साडेसहाच्या आसपास वाजतो. त्याच्या थोडं आधी मी उठलेली असते. चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत येत्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूबद्दलचा उतारा, वाचायचं. रोज नवा उतारा शोधत बसत नाही. चर्चने रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरवूनच दिली आहेत, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान अधूनमधून. मी सोमवारी तो उतारा वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून मसाल्यांच्या डब्यांच्या वर चिकटवते. सोमवारी वरवर वाचून होतो. बुधवारपर्यंत एखादं वाक्य डोक्यात घोळायला लागतं. शुक्रवारी पानाला हळद लागलेली असते आणि थोरली डबा भरता भरता ते मोठ्याने वाचत असते. रविवारी फादर वाचायला उभे राहतात तेव्हा आम्हाला पुढे काय येणार ते माहीत असतं. मुलांची मिस्सेतली (चर्चमधल्या उपासनेतली) चुळबुळ यानेच कमी झाली, रागावून कधीच झाली नव्हती.

मग हॉर्न. धाकटा पिशवी घेऊन फाटकाशी धावतो. मांयला (सासूबाईंना) पोळी लागते, मुलांना उंडे (गोल पाव). (वसईकरांनो, इथे पोळी म्हणजे कोंड्याचा गोल, पोकळ पाव.) ताटात पाव ठेवून चौघं मिळून एक छोटी प्रार्थना म्हणतो, ती संपताच शाळेची धावपळ. सकाळी याहून जास्त मी मागत नाही, ना देवाकडे, ना मुलांकडे.

अकराच्या सुमारास मांयला पेज देते. उकड्या तांदळाची, सोबत मातीच्या भांड्यात आटवलेली कालची कडी, म्हणजे नारळाची आमटी. तीही तेव्हा माझ्याबरोबर बसते आणि कुणाचं आजारपण, कुणाची अडचण ते सांगते. बाराच्या प्रार्थनेत कुणाकुणाची नावं घ्यायची ते तिथेच ठरतं.

बाराला आंजेलुसची घंटा. त्या वेळी मी बहुतेक ओट्यापाशीच असते, नारळ खवून वाटण झालेलं, कडीला पहिली उकळी यायच्या बेतात. नारळाची कडी फुटू द्यायची नसेल तर तेव्हा आच कमी करावीच लागते. मी गॅस बारीक करते, पदराला हात पुसते आणि देवदूताचा निरोप, म्हणजेच आंजेलुसची प्रार्थना, म्हणते. तीन छोटी वचनं, तीन वेळा मरियेची प्रार्थना, शेवटी एक विनंती. दोन-तीन मिनिटांच्या वर लागत नाहीत. पास्काच्या सणापासून (ईस्टरपासून) पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत त्याऐवजी स्वर्गाच्या राणीची प्रार्थना. तेवढ्यात कडीही बरोबर मुरते, आमसुलं घालायची वेळ होते. दिवसातली माझी सगळ्यात लाडकी प्रार्थना हीच, कारण ती म्हणायला मला स्वयंपाकघरातून उठून जावं लागत नाही. देऊळमातेने, म्हणजे चर्चने, ही प्रार्थना कामात बुडालेल्या माणसांसाठीच राखली आहे असं मला मनापासून वाटतं. शेतातला माणूस नांगर थांबवून म्हणायचा, मी डाव थांबवून म्हणते.

मुलं दीडनंतर घरी येतात, जेवतात, आणि मग आम्ही सगळे झोपतो. हो, मीसुद्धा. यावर मला थोडं भांडायचं आहे. आपल्याकडे सद्गुणी बाई म्हटलं की बायबलमधल्या नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय काढतात. ती पहाटे उठते, लोकर कातते, शेत विकत घेते, तिचा दिवा रात्री मालवत नाही. चर्चमध्ये हे ऐकून किती बायका खाली मान घालून बसतात ते मी पाहिलं आहे. पण पंधरावी ओवी नीट वाचा. तिच्या घरात दासी होत्या! ती पहाटे उठून त्यांना कामं वाटून देत होती. माझ्या घरात दासी नाही, वॉशिंग मशीन आहे, आणि पावसाळ्यात तर युनिफॉर्म पंख्याखालीच वाळवावे लागतात. दुपारी म्हापशाची निम्मी दुकानं शटर ओढून घेतात, तर मी का पडू नये? थकलेली आई संध्याकाळी मुलांवर खेकसते. झोपलेली आई त्यांच्याबरोबर तेर्स, म्हणजे मरियेची जपमाळ, म्हणते.

शुक्रवारचं थोडं वेगळं. तो म्हापशाच्या बाजाराचा दिवस. उपासकाळात शुक्रवारी मांस नसतं, म्हणून भाजी, कडधान्य आणि झालंच तर मासळी तिथूनच आणते. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी, पुरुमेंत, करायची: सुकं सुंगट (कोळंबी), सुके बांगडे, मिरच्या, चिंच, आमसुलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा सुक्या सुंगटाची किसमूर (कोरडं तोंडीलावणं) आणि पेज हाताशी असली की रोज काय रांधू या काळजीत माझं डोकं अडकत नाही.

संध्याकाळी सातच्या घंटेनंतर हॉलमधल्या वेदीसमोर तेर्स. पन्नास वेळा मरियेची प्रार्थना म्हणजे वीसेक मिनिटं, आणि सहा वर्षांच्या मुलाला ती फार. त्याने पहिलं दशक, म्हणजे पहिल्या दहा प्रार्थना, आमच्याबरोबर म्हणायचं, पुढची चार मांयच्या मांडीवर लोळत ऐकायची. त्याला कुणीही उठवून बसवायचं नाही, हे मी घरात ठरवून टाकलं आहे. पहिलं दशक नेहमी बोटीवरच्या त्याच्या पप्पांसाठी असतं, त्यामुळे ते तो चुकवत नाही. दुसरं मांयच्या गुडघ्यांसाठी, तिसरं शेजारच्या घरासाठी, बाकीची सकाळी पेजेच्या वेळी ठरलेल्या माणसांसाठी.

मग बेसांव, म्हणजे आशीर्वाद. मला गोव्यात आल्यावर सगळ्यात जास्त भावलेली चाल ही. तेर्स संपला की मुलं हात जोडून आधी मांयसमोर, मग माझ्यासमोर उभी राहतात आणि आशीर्वाद मागतात. मांयच्या बोटांना बामाचा वास असतो, ती अंगठ्याने त्यांच्या कपाळावर खूण करते. मीही तिच्याकडे मागते. दुपारी मीठ जास्त पडल्यावरून आमची बोलाचाली झालेली असली तरी सात-साडेसातला मला तिच्यापुढे हात जोडून उभं राहायचंच असतं, आणि तिलाही माझ्या कपाळाला हात लावायचाच असतो. रुसवा पुढच्या दिवसावर जातच नाही. भाऊ-बहिणीचंही तसंच. ही चाल वसईतल्या घरांनी उचलावी, त्याला ना पैसा लागतो ना वेळ.

घंटा ऐकू येत नसेल, बाळ अगदी तान्हं असेल, तर यातलं एकच धरा, बाराची प्रार्थना. फोनवर बाराचा गजर लावला तरी चालतो. बाळाला पाजता पाजता म्हणा.

एक मागणंही आहे. तेर्स आम्ही एक दिवस कोंकणीतून, एक दिवस मराठीतून म्हणतो. मराठीसाठी माझ्या आईची जुनी पुस्तिका आहे, पण ती २००२ च्या आधी छापलेली, त्यामुळे पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या वर्षी जोडलेली प्रकाशाची रहस्यं, म्हणजे तेर्स म्हणताना मनन करायचे येशूच्या आयुष्यातले पाच प्रसंग, तिच्यात नाहीत. थोरलीने ती शेवटच्या कोऱ्या पानावर पेनाने लिहून घेतली आहेत: यार्देन नदीतला बाप्तिस्मा, काना गावातलं लग्न, राज्याची घोषणा, रूपांतर, पवित्र मिस्साची स्थापना. गुरुवारी त्या पानावरूनच म्हणतो. वसईहून कुणी गोव्याला येणार असेल तर नवी छापील पुस्तिका घेऊन या, दोन आणल्यात तर एक चर्चमधल्या त्या नव्या सुनांना देईन.