माझा अनुभव : सासऱ्यांचे बधिर पाय आणि अपंगत्वाची टक्केवारी

माझे सासरे अमेरिकी सैन्यातून व्हिएतनामच्या युद्धात होते. तिथे सेवा केलेल्यांना टाइप २ मधुमेह झाल्यास तो ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकामुळे झाला, असे २००१ पासून गृहीत धरले जाते. त्यामुळे त्यांच्या मधुमेहाला माजी सैनिक विभागाकडून २० टक्के अपंगत्व पूर्वीच मिळाले होते. प्रश्न होता तो पायांतील मुंग्यांचा आणि बधिरपणाचा.

या विकाराचा संबंध थेट तणनाशकाशी जोडू नका, असे माजी सैनिकांच्या संघटनेतील प्रतिनिधीने आम्हाला बजावले, कारण त्या मार्गाने मान्यता हवी असेल तर नसांचा त्रास संपर्कानंतर वर्षभरात दिसलेला असावा लागतो, आणि यांचा त्रास तर म्हातारपणी सुरू झालेला. मधुमेहातून उद्भवलेला विकार म्हणून अर्ज केला, की डॉक्टरांच्या नोंदींतून तेवढाच दुवा सिद्ध करावा लागतो. कागदपत्रे जमण्याआधीच अर्ज करणार असल्याची नोंद करून ठेवली. पूर्ण अर्ज वर्षाच्या आत गेल्यास लाभ सहसा त्या तारखेपासून धरतात.

तपासणीला मी सोबत होते. डॉक्टरबाई नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत दाबत होत्या, आणि डोळे मिटून बसलेले सासरे ‘सुरुवात कधी करणार?’ असे विचारत होते. बधिरपणा असा दिसून येतो; वेदना मात्र सांगाव्या लागतात, आणि आमचे सासरे, आपल्याकडे ‘थोडी शुगर आहे’ म्हणून विषय संपवणाऱ्यांच्याच जातकुळीतले. म्हणून रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही, मोज्याला रक्त दिसेपर्यंत फोड फुटल्याचे कळत नाही, कठडा धरल्याशिवाय जिना उतरवत नाही, हे सारे आम्ही लिहूनच नेले. माझ्या मते तोच कागद सर्वांत मोलाचा, कारण सायटिक नसेच्या (कमरेतून पायात उतरणाऱ्या मोठ्या नसेच्या) सौम्य विकाराला प्रत्येक पायामागे १० टक्के आणि मध्यम विकाराला २० टक्के मिळतात. त्रास निव्वळ संवेदनांपुरता असेल, तर त्यापुढे जाता येत नाही.

दोन्ही पायांना २०-२० टक्के मिळाले. तरीही एकूण ६० होत नाहीत. दुसऱ्या पायाचे २० टक्के उरलेल्या ८० वर मोजतात, म्हणजे ३६. विकार दोन्ही बाजूंना असल्याने त्यात त्याचाच दहावा हिस्सा मिळवून ३९.६, म्हणजे पूर्णांकात ४०. मधुमेहाचे २० टक्के उरलेल्या ६० वर, म्हणजे ५२. आणि शेवटी जवळच्या दहाच्या पटीत ५०. सासऱ्यांनी निकालपत्राच्या पाठीमागे हा हिशेब स्वतः मांडून पाहिल्यावरच तो मान्य केला. आता त्यांच्या बोटांनाही मुंग्या येऊ लागल्या आहेत. हातांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे केले जाते, म्हणून त्या तक्रारीची नोंद नेहमीच्या डॉक्टरांकडे आतापासूनच करून ठेवली आहे.